टॉप बॉक्सचं कुलूप अडलं? चावीवर जोर देण्याआधी हे करून पाहा

बाइकच्या पेटीचं कुलूप ‘गेलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा कुलपाला काहीच झालेलं नसतं. झाकणाखाली जॅकेटची बाही अडकलेली असते, खाचेत घाटातला चिखल वाळलेला असतो, नाहीतर चावीच नकलेवरून नक्कल करून आणलेली असते. पण अडलं की आपला पहिला उपाय ठरलेला: चावीवर जोर. पेटीची चावी पातळ आणि मऊ धातूची. ती आधी पिळवटते, मग मोडते, आणि दोन मिनिटांत सुटणारं काम अख्ख्या दुपारचं होऊन बसतं.

टॉप बॉक्स किंवा साइड बॉक्स पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. पेटी गिवीची असो, शॅडची, स्टड्सची किंवा बाजारातली बिननावाची. प्लास्टिकची असो वा ॲल्युमिनियमची. बाहेरचं रूप बदलतं, आतलं यंत्र थोड्याफार फरकाने तेच.

आत असतं काय

या पेट्यांना बहुधा पत्र्यांचं कुलूप असतं. चावी जिथे घालतो त्या गोल भागाला चावीवाले बॅरल म्हणतात. त्यात ओळीने पितळेच्या पातळ पत्र्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे एक केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी नसताना स्प्रिंगा पत्र्यांना बाहेर ढकलतात, पत्र्या भोवतीच्या खाचांत अडकतात आणि बॅरल फिरत नाही. योग्य चावी घातली की तिच्या दातांमुळे सगळ्या पत्र्या आत ओढल्या जातात आणि बॅरल मोकळा होतो. एकच पत्री धुळीने चिकटून अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली, तरी चावी फिरत नाही. दात झिजले असतील तरीही तेच.

बॅरलच्या मागे एक जीभ असते, आणि ती जीभ झाकण धरून ठेवणाऱ्या आकड्याला सोडते किंवा अडवते. बिघाड या तिघांत कुठे आहे, हे चावीच्या वागण्यावरूनच कळतं. चावी आतच जात नसेल तर खाचेत कचरा किंवा मोडका तुकडा आहे. आत जाते पण फिरत नाही, तर पत्र्या, चावीचे दात किंवा आकड्यावरचा दाब. नुसतीच गरगर फिरते, तर मागची जीभ सुटली आहे किंवा तिचा स्क्रू पडला आहे. चावी व्यवस्थित फिरते, पण झाकण हलत नाही, तर कुलूप शाबूत आहे आणि आकडा अडला आहे.

नवख्यांना हमखास घाबरवणारी एक गोष्ट मात्र बिघाड नाही. बऱ्याच पेट्यांत झाकण उघडं असताना चावी बाहेर येतच नाही. बंद करून फिरवली तरच येते. रचनाच तशी आहे. तिथे पक्कड लावून चावी ओढू नका.

पेटी बंद, सामान आत, आणि चावी फिरत नाही

आधी चावी बाहेर काढा आणि नीट बघा. साइड बॉक्सची चावी टॉप बॉक्सला लावली जाणं फारच सामान्य आहे, विशेषतः तिन्ही पेट्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या असतील तर. चावी सपाट फरशीवर ठेवून वाकली आहे का पाहा. वाकली असेल तर रस्त्यात ठोकून सरळ करू नका, वाकलेल्या जागी ती आधीच अर्धी तुटलेली असते. घरी दुसरी चावी असेल तर ती मागवणं परवडतं.

चावी ठीक असेल तर आता दाब कमी करा. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते, ती झाकण सतत वर ढकलते. त्यात पेटी ठासून भरलेली असेल तर आतलं सामानही वर ढकलतं. हा सगळा ताण आकड्यावर येतो, आकडा जिभेला घट्ट दाबून धरतो आणि चावी फिरेनाशी होते. यावर उपाय अगदी साधा आहे: कुलपाच्या बरोबर वर, झाकणावर तळहात ठेवून खाली दाबा आणि दाब तसाच ठेवून दुसऱ्या हाताने चावी दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. सोबत कोणी असेल तर त्याला पूर्ण वजन टाकून दाबायला सांगा. तरीही फिरत नसेल तर झाकण किंचित डावीकडे, मग उजवीकडे रेटून पाहा. अडलेल्या पेट्यांतल्या कितीतरी इथेच उघडतात.

लडाख किंवा स्पीतीला निघालेल्यांनी यात एक भर घालावी. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि वेफरची, फरसाणाची सीलबंद पाकिटं टम्म फुगतात. मुंबई-पुण्यात गच्च भरून बंद केलेली पेटी तिथे आतूनच झाकणाला रेटा देऊ शकते. मनालीच्या पुढे जाण्याआधी पाकिटांना टाचणीने भोक पाडा किंवा ती मऊ बॅगेत हलवा.

दाब काढूनही फिरत नसेल तर पत्र्यांकडे वळा. चावी पूर्ण आत घालून काढा, परत घाला. दहा-पंधरा वेळा, न फिरवता. चिकटलेल्या पत्र्या त्याने सैल होतात. मग चावी अगदी टोकापर्यंत घालून केसभर मागे ओढा आणि फिरवून पाहा. दात झिजलेल्या चावीला कधीकधी ती नेमकी जागा लागते. अशा रीतीने उघडलं तर समजा की चावी संपत आली आहे.

कुलपाच्या तोंडावर चिखल दिसत असेल तर फुंकर मारून उपयोग नाही, उलट तोंडातला ओलावा आत जातो. जवळचं सर्व्हिस सेंटर किंवा पंक्चरचं दुकान गाठा आणि हवेच्या गनने खाच साफ करून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण आतली रेती उलटी तोंडावर येते.

कडाक्याच्या थंडीत कुलपात पाणी गोठलं असेल तर चावी मुठीत किंवा लायटरवर गरम करून आत घाला आणि थोडा वेळ तशीच ठेवा. चावी पकडीत धरा, ज्योत पेटीच्या प्लास्टिकपासून लांब ठेवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरचे दोन थेंबही बर्फ वितळवतात. गरम पाणी ओतू नका. तेच पाणी आत राहून परत गोठतं.

चावी आतच मोडली तर

आधी बॅरल कुठल्या स्थितीत आहे ते बघा. चावी घालायच्या मूळ स्थितीत नसेल, अर्धवट फिरलेला असेल, तर तुकडा कशानेही बाहेर येणार नाही. पत्र्या त्याला धरून बसलेल्या असतात. बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बॅरल मूळ जागी फिरवा. मग सुताराच्या जिगसॉचं बारीक पातं घ्या. त्याचे दात बाहेरच्या दिशेला ठेवून चावीच्या दातांच्या बाजूने आत सरकवा, किंचित पिळा आणि ओढा. तुकडा बाहेर डोकावला की भुवयांचा चिमटा किंवा नोज प्लायर पुरे. फेविक्विकचा थेंब लावून तुकडा ओढायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. ती करायची नाही. तुकडा येत नाही, पत्र्या मात्र कायमच्या चिकटतात.

दोन्ही तुकडे जपून ठेवा. चावीवाला ते जुळवून नवी चावी कापू शकतो.

उघडल्यावर काय करायचं

पेटी उघडली की सुटलो असं वाटतं, आणि लोक झाकण आपटून पुढे निघतात. थांबा. झाकण उघडं ठेवून स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद स्थितीत ढकला आणि चावी फिरवा. आकडा टकदिशी सुटला तर कुलूप पूर्ण निरोगी आहे. दोष झाकण बसण्यात आहे: बिजागरी ढिली झाली असेल, रबर जागेवरून सरकलं असेल, पेटी कधी आपटून थोडी वाकडी झाली असेल किंवा सामान जास्त असेल. उघड्या झाकणातही चावी अडत असेल, तरच बॅरलला हात घालायचा. लेखातलं बाकी काही विसरलात तरी ही एक तपासणी लक्षात ठेवा. तिने नवं कुलूप घेण्याचा खर्च कितीतरी वेळा वाचतो.

झाकण नीट बसतं का हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी वापरा. कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी ती सारख्याच ताकदीने अडायला हवी. एका कोपऱ्यात सुळकन निघाली तर झाकण तिरकं बसतंय. ॲल्युमिनियमच्या पेटीत वाकलेली कड लाकडी ठोकळा आणि हातोडीने सरळ होते. प्लास्टिकच्या पेटीत बहुतेक वेळा बिजागरीचे स्क्रू आवळून काम भागतं.

बॅरल साफ करायचा झाला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर खाचेत मारा, चावी आत-बाहेर करा, चावीवर आलेला काळा मळ फडक्याने पुसा, पुन्हा मारा. चावी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हेच. गॅरेजमध्ये सगळं पेट्रोलने धुवायची पद्धत आहे, तिला इथे ठाम नकार द्या. पेट्रोल, थिनर आणि ब्रेक क्लीनर या पेट्यांच्या प्लास्टिकला बारीक तडे पाडतात आणि रबर फुगवतात.

आता वंगण. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं आणि सगळे तेच मारतात. ते १९५३ साली अमेरिकेत बनलं ते पाणी हुसकावून गंज रोखण्यासाठी. भिजलेल्या कुलपातलं पाणी काढायला ते उत्तम, पण कुलपाचं कायमचं वंगण म्हणून नाही. त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि काही महिन्यांत आत काळा लगदा होतो. इंजिन ऑइल, खोबरेल, ग्रीस यांची गत त्याहून वाईट. कुलपाला कोरडं वंगण हवं: ग्राफाइटची पावडर किंवा कोरडा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉनचा) स्प्रे. दोन्हींपैकी एकच, आणि तेलाचा अंश पुसून झाल्यावरच, कारण तेलात मिसळलेला ग्राफाइट घट्ट होतो. काहीच हाताशी नसेल तर ६बी पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चावी आत-बाहेर करा. पेन्सिलीच्या शिसात ग्राफाइटसोबत चिकणमातीही असते, म्हणून हा उपाय तेवढ्यापुरताच. मागच्या आकड्याच्या सांध्याला आणि स्प्रिंगला मात्र थोडं ग्रीस चालतं. तिथे पत्र्या नसतात.

चावी गरगर फिरते तेव्हा

इथे आत शिरावंच लागतं. पेटी वॉरंटीत असेल तर बिल घेऊन आधी विक्रेत्याकडे जा. नसेल तर झाकणाच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण उघडा. बहुधा चार-सहा स्टार किंवा टॉर्क्स स्क्रू असतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या. काम मोठ्या ताटात किंवा जुन्या चादरीवर करा, कारण यातल्या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. जिभेचा स्क्रू नुसता सैल असेल तर आवळून मोकळे. तो पुन्हा सुटू नये म्हणून थ्रेडलॉक लावायचा मोह होतो. निळ्या रंगाच्या सौम्य प्रकाराचा एकच थेंब, तोही धातूचा स्क्रू धातूत जात असेल तरच. हे द्रव प्लास्टिकला चिरा पाडतं. प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू कोरडेच ठेवा आणि हाताने आवळा.

बॅरल काढावा लागला तर चावी आत ठेवूनच बाहेर काढा. चावीमुळे पत्र्या जागेवर राहतात. चावीशिवाय ओढलात तर पत्र्या आणि स्प्रिंगा सुटून पडतील आणि कोणती कुठली हे शोधत बसाल.

बॅरल गेलाच असेल तर दुरुस्तीपेक्षा बदली बरी. चांगल्या कंपन्यांचे सुटे बॅरल मिळतात, आणि एकाच चावीचे दोन-तीन बॅरल असलेला सेटही मिळतो. टॉप बॉक्स आणि दोन साइड बॉक्स असतील तर तोच घ्या, चावी एकच राहते. कोपऱ्यावरचा चावीवाला जुन्याच बॅरलमध्ये नवी चावी ‘बसवून’ देतो, म्हणजे बरेचदा बाहेर राहणाऱ्या पत्र्या कानशीने घासून टाकतो. चावी त्या दिवसापासून लोण्यासारखी फिरते. अडचण एवढीच की दुसऱ्याची चावीही फिरू शकते.

नक्कल करून घ्यायची असेल तर नेहमी मूळ चावीवरून. प्रत्येक नकलेत थोडी चूक शिरते आणि नकलेच्या नकलेत ती वाढत जाते. पेटी नवी असताना चावीवर किंवा कुलपाच्या तोंडावर नंबर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, त्या नंबरावरून नवी चावी मागवता येते. आणि दुसरी चावी घरी किंवा सोबत्याकडे ठेवा. ती त्याच पेटीच्या कप्प्यात जपून ठेवणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतातच.

बंद राहत नाही, किंवा पेटीच डगमगते

न उघडणारं कुलूप ही गैरसोय असते. आपोआप उघडणारं कुलूप धोक्याचं. झाकण वाऱ्याने उडालं तर सामान रस्त्यावर सांडतं, आणि पेटी जिच्यावर बसते त्या प्लेटसकट सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाते. त्यामुळे झाकण बंद करून दोन्ही हातांनी वर ओढून बघायची सवय लावा. शंका आली तर पेटीभोवती रॅचेट बेल्ट फिरवून कॅरिअरला आवळा, मोकळं टोक चाकात जाणार नाही असं बांधा आणि हळू चला. एकट्या लवचिक बंजी दोरीवर भिस्त ठेवू नका, खड्ड्यात ती ताणली जाते आणि झाकण तेवढ्यात उघडतं.

प्लेटचंही कुलूप असतं हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गिवीच्या मोनोकी पद्धतीत झाकण उघडायला आणि पेटी प्लेटवरून काढायला एकच चावी लागते. इतर पेट्यांत वेगळं बटण किंवा खटका असतो. पेटी बसवताना आधी प्लेटच्या एका कडेचे आकडे पेटीच्या तळातल्या खाचांत जायला हवेत, मग दुसरी बाजू दाबून ‘टक’ ऐकू यायला हवं. आकडे न बसता नुसती मागची बाजू दाबली तरी कधीकधी आवाज येतो, म्हणून हलवून बघा. पेटी सुटत नसेल तर झाकणाचाच नियम: पेटी प्लेटवर खाली दाबून धरा आणि मग बटण दाबा. तळाच्या खाचांत अडकलेला खडा हे इथलं नेहमीचं कारण. जुन्या टूथब्रशने साफ करा.

झाकणाच्या आत वजनाच्या मर्यादेचं स्टिकर असतं, टॉप बॉक्सला पेटीनुसार साधारण ३ ते १० किलो. पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन टाकले की ती संपली. जड वस्तू साइड बॉक्समध्ये, खाली.

काहीच जमलं नाही तर

चावीवाल्याला पेटीपाशी बोलवा किंवा बाइक त्याच्याकडे न्या. गाडीचे कागद दाखवायची तयारी ठेवा. चांगला चावीवाला ते मागेल, आणि मागितले तर रागावू नका. कागद बंद पेटीत असतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं आरसी कामाला येतं.

ड्रिल हा शेवटचा मार्ग. चावीच्या खाचेत मधोमध आधी ३ मिमीचं, मग ६ मिमीचं टोक चालवलं की पत्र्या तुटतात आणि बॅरल स्क्रू ड्रायव्हरने फिरतो. ड्रिल सरळ धरायचं आणि पितळेचा कीस येणं थांबलं की थांबायचं. खोल गेलात तर मागची जीभ आणि तुमचं सामान दोन्ही फाटेल. झाकण पटाशीने उचकटण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडतं. बॅरल बदलता येतो, तडकलेली कड बदलता येत नाही.

पावसाळा आणि किनारा

कुलपाच्या तोंडावर रबराची टोपी किंवा सरकतं झाकण असेल तर ते तोडून फेकू नका, कितीही मध्ये येत असलं तरी. नसेल तर ताम्हिणीत शिरण्याआधी टेपचा तुकडा लावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी कुलपावर मारू देऊ नका, चिखल आत जातो तो बहुतेक तिथेच. दिवेआगर, गुहागर, मालवण करून आलात तर मिठाची हवा लागलेली असते. साध्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने कुलूप, आकडा आणि ॲल्युमिनियमच्या कडा पुसा, नाहीतर पांढरी भुकटी धरू लागते. आणि वापर नसला तरी पंधरवड्याने एकदा चावी फिरवा. जून ते सप्टेंबर कोपऱ्यात पडून राहिलेली पेटी दिवाळीच्या राइडला हटकून अडते.

जुनी पेटी विकत घेताना दोन्ही चाव्या मागा आणि प्लेटही सोबत घ्या. विक्रेत्यासमोर पेटी तुमच्या बाइकवर चढवा, आत हेल्मेट आणि रेनकोट ठासून भरून बंद करा, दोन्ही चाव्यांनी उघडा, आणि त्यानंतर पैसे द्या.